अडीच तासांचा शब्द

हॅल्डनमध्ये स्केटच्या पात्यांना धार लावायची तर ग्लेन मॅचेटकडेच जायचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाकीच्या दोन दुकानांत यंत्र धार लावतं आणि माणूस फोन बघत उभा राहतो. ग्लेन मात्र चाकाशी वाकून ठिणग्यांत नाक खुपसतो, पातं नखावर घासून बघतो, आणि नखाचा पांढरा कीस निघाला तरच स्केट गिऱ्हाइकाच्या हातात देतो. अशा माणसाने आपलं दुकान सांभाळावं आणि सुखाने दोन घास खावेत की नाही? पण नाही. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात शिरलं की टोरांटो आणि आजूबाजूच्या एवढ्या अवाढव्य मुलखात बर्फावरच्या व्यावसायिक हॉकीचा एकच संघ हा शुद्ध अन्याय आहे. दुसरा संघ आला पाहिजे, आणि तो हॅल्डनमध्येच आला पाहिजे.

पहिला संघ कोणता ते सांगायला नको. इथे नुसतं 'निळे' म्हटलं की पुरे. त्यांनी शेवटचा करंडक जिंकला तो १९६७ साली, म्हणजे या गोष्टीच्या वेळी त्याला सत्तेचाळीस वर्षं उलटली होती. एवढ्या वर्षांत एखाद्या दुकानाने चांगला माल दिला नसता तर लोकांनी त्याला टाळं लावलं असतं. इथे उलटंच. तिकीट मागून मिळत नाही. हंगामाच्या खुर्च्या लोक मृत्युपत्रात लिहून ठेवतात. घटस्फोट झाला तर पोरं कोणाकडे हे दहा मिनिटांत ठरतं, आणि खुर्च्या कोणाकडे यावर वकिलांची दोन-दोन वर्षं आरामात जातात.

ग्लेनचे वडील रॉस मॅचेट. वय चौऱ्याऐंशी, सगळी हयात मोटारीच्या कारखान्यात दरवाजे बसवण्यात गेलेली. सदुसष्टच्या वसंतात ते निळ्यांच्या जुन्या रिंकमध्ये, म्हणजे गार्डनमध्ये, सगळ्यात वरच्या राखाडी खुर्च्यांत बसून निळ्यांचा सामना बघून आले होते. त्यानंतर एकदाही नाही. आधी पोरं लहान म्हणून, मग बायको आजारी म्हणून, आणि मग खुर्च्या सगळ्या कंपन्यांच्या साहेबांनी घेतल्या म्हणून. एकदा ग्लेनने दलालाकडून दोन तिकिटं आणली, तर म्हाताऱ्याने ती हातातसुद्धा घेतली नाहीत.

"खिडकीवर मिळतं ते तिकीट," रॉस म्हणाले होते. "गल्लीच्या तोंडाशी उभा असतो त्या चोराकडून घेतलेलं नाही. मी घरी बघीन."

आणि घरीच बघत. शनिवारी संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद, शेजारी रेडिओ चालू, आणि खुर्चीच्या पाठीवर जुना लोकरी निळा स्वेटर. तो ते अंगात घालत नसत. करंडक येईल तेव्हा घालायचा, असं त्यांचं ठरलं होतं. इतकी वर्षं न घातल्यामुळे तो अजून नवाकोरा होता.

ग्लेन सभांमधून मोठमोठी भाषणं करायचा, गावाचा विकास, तरुणांना काम वगैरे. पण त्याच्या मनात खरं एकच होतं, आणि ते त्याने वासुकीला सोडून कोणालाच सांगितलं नव्हतं. बापाला एकदा खिडकीवर घेतलेल्या तिकिटावर, धड खुर्चीत बसवून, डोळ्यांदेखत सामना दाखवायचा. म्हाताऱ्याचं हृदय आताशा कुरकुरत होतं. वेळ फार नव्हता.

वासुकी नादराजा ही संघ आणण्यासाठी त्याने काढलेल्या समितीची चिटणीस. औषधाचं दुकान चालवणारी, जाफन्याहून इथे येऊन सत्तावीस वर्षं झालेली, आणि जिभेला हाड नसलेली. गावाने संघ येण्याआधीच सतरा हजार खुर्च्यांचं रिंक बांधून टाकलं, तेव्हा "बाळाआधी पाळणा" म्हणून भर सभेत हसणारी हीच. पण 'आम्हाला संघ हवा' अशी एकतीस हजार लोकांच्या सह्यांची कार्डं तिनेच गोळा केली, तिनेच लावली, आणि हॉकी लीगच्या कार्यालयाला इतकी पत्रं लिहिली की शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी उत्तर दिलं.

दक्षिणेत एका उकाड्याच्या शहरात एक संघ होता. तिथल्या लोकांना बर्फ माहीत तो फक्त ग्लासातला. खुर्च्या ओस पडलेल्या, मालक वैतागलेला. तो संघ उचलून कुठेतरी न्यायचा होता. लीगने कळवलं की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी या संघाचा एक सरावाचा सामना हॅल्डनच्या रिंकमध्ये ठेवा, आमच्या श्रीमती ब्रॅन्डवोल्ड येऊन बघतील. गाव या संघाला आपला म्हणेल का, एवढंच त्यांना बघायचं आहे. समोर कोणाला खेळवायचं ते तुम्हीच सुचवा.

आता इथे खरी मेख होती. समितीची बैठक ग्लेनच्या दुकानातच भरली, धारेच्या चाकाशेजारी, बटर टार्टचा डबा मधे ठेवून.

"निळ्यांना बोलवू," ग्लेन म्हणाला.

वासुकीने टार्ट खाली ठेवला. "वेड लागलंय का तुला?"

"का? निळे म्हटलं की सतरा हजार तिकिटं अकरा मिनिटांत संपतील. बाईला एक खुर्ची रिकामी दिसणार नाही."

"अरे, खुर्च्या भरतील, पण कोणासाठी? मी सांगते, मॉन्ट्रियलला बोलव, निळ्यांच्या जुन्या वैऱ्यांना."

"मॉन्ट्रियलला दहा हजारसुद्धा येणार नाहीत."

"न का येईनात! पण जे येतील ते मॉन्ट्रियलला शिव्या देतील. एकदिलाने देतील. समोरच्याला शिव्या देता देता माणूस आपल्या बाजूच्याचा होतो, ग्लेन. माझ्या लग्नात दोन्हीकडची माणसं अशीच एकत्र आली, आचाऱ्याच्या नावाने बोटं मोडत."

सगळे हसले. ग्लेनही हसला. पण त्याने ऐकलं नाही. त्याच्यापाशी एकतीस हजार कार्डं होती, आणि दुकानात येणारा प्रत्येक जण त्याची पाठ थोपटून जात होता. नळकामवाला नुन्झिओ कार्दारेल्ली तर दर आठवड्याला यायचा.

"ग्लेन, गड्या, आपला संघ आला की मजाच मजा! निळे वर्षातून तीनदा इथे खेळायला येणार. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर!"

असं एकटा नुन्झिओ म्हणत नव्हता. अर्धं गाव हेच म्हणत होतं, याच शब्दांत. ग्लेनच्या कानात त्यातलं 'आपला संघ आला की' एवढंच शिरायचं आणि पुढचं चाकाच्या आवाजात बुडायचं. ऐकायचं नसलं की माणसाला धंद्याचा आवाजही कामी येतो.

मतदान झालं. पाच विरुद्ध एक. ती एक कोण, हे कळलंच असेल.

तिकिटं अकरा नाही, नऊ मिनिटांत संपली. त्याआधी सकाळी सहाला ग्लेन बापाला घेऊन खिडकीवर रांगेत उभा राहिला होता. समितीच्या अध्यक्षाला तिकिटाला काय तोटा? पण रॉस मॅचेटना खिडकीवरचंच हवं होतं, आणि तीन खुर्च्यांची तिकिटं त्यांनी स्वतःच्या हाताने घेतली, एक स्वतःचं, एक ग्लेनचं आणि एक त्या लीगच्या बाईंचं. बाईंना फुकटात बसवलं तर त्या फुकटातलंच लिहितील, असं त्यांचं म्हणणं. घरी येऊन त्यांनी आपलं तिकीट साखरेच्या डब्याखाली ठेवलं, आणि चार दिवस जाता-येता डबा उचलून बघत राहिले.

सामन्याच्या आदल्या दुपारी ग्लेन बापाकडे गेला तो हातात हिरवा सदरा घेऊन. नव्या संघाचा रंग हिरवा ठरला होता. प्रत्येक खुर्चीवर एकेक सदरा ठेवायचा, म्हणजे सगळं रिंक हिरवंगार दिसेल, ही कल्पना त्याचीच.

रॉसनी सदरा दोन बोटांत धरून उचलला. "हा काय, पालक?"

"बाबा, उद्या घालायचाय."

"कोणी? मी?"

"ती बाई आपल्या रांगेतच बसणार आहे. माझ्या एका बाजूला ती, एका बाजूला तुम्ही. अध्यक्षाचा बापच निळ्यांच्या नावाने ओरडायला लागला तर माझी काय शोभा राहील?"

"ग्लेन," म्हातारा शांतपणे म्हणाला, "घरची बायको सत्तेचाळीस वर्षं धड बोलली नाही म्हणून मी दुसरी करायची का?"

"तुम्ही दुसरी करू नका हो. नुसतं तिच्या लग्नात येऊन बसा."

रॉसना हसू आलं, पण ते त्यांनी दाबलं. त्यांनी सदरा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "ओरडायचं नाही?"

"नाही."

"उठायचं नाही?"

"नाही बाबा. हिरव्यांसाठी टाळ्या वाजवा असं मी म्हणत नाही. निळ्यांसाठी तेवढं काही करू नका. अडीच तासांचा प्रश्न आहे."

"तुझ्या आईपुढे मी यापेक्षा जास्त वेळ गप्प बसलोय." त्यांनी सदरा घडी करून मांडीवर ठेवला. "दिला शब्द. नऊ वर्षं मरमर मरतोयस त्या संघासाठी. मी अडीच तास बसू शकत नाही?"

ग्लेनला सांगावंसं वाटलं की बाबा, संघासाठी नाही, हे सगळं तुमच्यासाठीच आहे. पण बाप-लेकांत असलं बोलायची रीत नव्हती. तो चहाचे कप विसळायला उठला.

रविवारी दुपारी दोनला श्रीमती ब्रॅन्डवोल्ड आपल्या खुर्चीत येऊन बसल्या. पन्नाशीची, नीटनेटकी, मिनेसोटात वाढलेली आणि न्यूयॉर्कमध्ये वाळलेली बाई. हातात छोटी वही. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. सतरा हजार हिरवे सदरे. खालपासून वरपर्यंत कुठे फट नाही.

"वा!" त्या म्हणाल्या. "हे मला अपेक्षित नव्हतं, मिस्टर मॅचेट."

"आमचं गाव आहेच तसं," ग्लेन म्हणाला. त्याची छाती हिरव्या कोटात मावत नव्हती. डावीकडे रॉस पाठ ताठ करून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, चर्चमध्ये बसावं तसे. बर्फ उजळला, खेळाडू उतरले आणि पाती बर्फावर करकरली, तेव्हा म्हाताऱ्याने डोळे मिटले. टीव्हीत तो आवाज येत नाही. सत्तेचाळीस वर्षांनी ते तो ऐकत होते.

"बाबा, बरं वाटतंय ना?"

"गप्प बस. ऐकू दे."

पहिल्या सत्रात हिरव्यांनी एक गोल केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवल्या म्हणजे काय, बारशाला पाळण्याजवळ वाजवतात तशा, बेताच्या आणि सुसंस्कृत. श्रीमती ब्रॅन्डवोल्डनी मान वर करून इकडेतिकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मागच्या रांगेतून वासुकी पुढे वाकली.

"ग्लेन, बाह्या बघ."

"काय?"

"लोकांच्या बाह्या. सदऱ्याच्या आत काय आहे ते बघ जरा."

ग्लेनने बघितलं. समोरच्या माणसाच्या अर्ध्या हिरव्या बाहीतून पूर्ण निळी बाही बाहेर आली होती. त्याच्या शेजारणीचीही. त्याच्या पलीकडे नुन्झिओ, हिरव्यातून निळा, वर हातात निळा हातमोजा. पुढे बघायची ग्लेनची छाती झाली नाही. त्याने स्वतःला समजावलं. सवय आहे, लगेच कशी जाईल? हळूहळू जाईल. तो बाईंकडे वळून मोकळेपणाने हसला, म्हणजे निदान त्याला तसं वाटलं.

दुसरं सत्र अर्ध्यावर आलं, आणि ते घडलं.

निळ्यांकडे एक वीस वर्षांचा नवा खेळाडू होता, उत्तरेकडच्या खाणींच्या गावातला, कॉर्बेल नावाचा. मोठ्या संघात जागा मिळते का हे बघायला आलेला. रबरी चकती, पक म्हणतात ती, त्याला मिळाली ती स्वतःच्याच गोलजाळ्याच्या मागे. तो निघाला. एकाला चुकवलं, लोकांनी माना वर केल्या. दुसऱ्याला चुकवलं, पुढच्या रांगा उभ्या राहिल्या. मधल्या रेषेवर तिसरा आडवा आला, तर याने पक त्याच्या दोन पायांमधून ढकलला आणि स्वतः बाजूने जाऊन पलीकडे उचलला. आता सतरा हजार माणसं उभी होती आणि कोणी श्वास घेत नव्हतं. गोलकीपर पुढे आला. कॉर्बेलने उजवीकडे मारायचा आव आणला, गोलकीपर आडवा झाला, आणि याने स्टिकच्या उलट्या बाजूने पक अलगद उचलून जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ठेवला.

छप्पर उडालं म्हणायचं ते अशाच वेळी. हिरवे सदरे डोक्यावरून निघाले आणि हवेत फिरायला लागले, आणि त्यांच्या खालून निळं, नुसतं निळं, पायापासून छतापर्यंत निळं बाहेर आलं. नुन्झिओ रडत होता. मागे वासुकी खुर्चीवर चढून तमिळमध्ये काहीतरी ओरडत होती, आणि तिच्याही अंगात काय होतं ते विचारू नका.

आणि ग्लेन? हिरवा कोट घातलेला, समितीचा अध्यक्ष, नऊ वर्षं दुसऱ्या संघासाठी चपला झिजवलेला ग्लेन मॅचेट दोन्ही हात वर करून नाचत होता. त्याने शेजारच्या माणसाचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं.

"पाहिलंत? पाहिलंत का? आयुष्यात असा गोल बघितला नाही मी! गेला की पोरगा! अहो, या वर्षी करंडक आपलाच!"

शेजारचा माणूस म्हणजे श्रीमती ब्रॅन्डवोल्ड होत्या.

"पाहिलं," त्या म्हणाल्या.

ग्लेनचे हात त्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले. वरच्या मोठ्या पडद्यावर हिरव्या कोटातला एक माणूस एका बाईला धरून उभा दिसत होता, तोंड वासून, आणि खाली ठळक अक्षरांत त्याचं नाव आणि पद झळकत होतं. ते बघून लोक आणखीनच खूश झाले. ग्लेनने हात काढून घेतले. नऊ वर्षं कुठे गेली ते त्याला कळलं. ती त्यानेच, स्वतःच्या दोन हातांनी, आत्ता हवेत उडवली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

मग त्याने डावीकडे बघितलं.

रॉस मॅचेट बसलेले होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, बोटं इतकी घट्ट रुतलेली की नखं पांढरी पडली होती. अंगात हिरवा सदरा. नजर समोर. समोर काय होतं? उभ्या राहिलेल्या माणसाची पाठ. चहूबाजूंनी लोक उभे होते आणि मधल्या त्या खड्ड्यात म्हातारा बसून होता. गोल पडला तेव्हाही बसून होता. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं, आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नव्हता.

श्रीमती ब्रॅन्डवोल्डनीही तिकडे बघितलं. त्यांनी वही मिटली. लोक खाली बसेपर्यंत थांबल्या, मग उठून रॉससमोर गेल्या आणि हात पुढे केला.

"या सतरा हजारांत दुसऱ्या संघाचा खरा पाठीराखा मला एकच दिसला, आजोबा," त्या म्हणाल्या. "समोरच्यांनी गोल केला म्हणून डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. तुमच्यासारखे दहा हजार असते ना, तर हा संघ मी उद्याच इथे आणून ठेवला असता."

रॉसनी एकदा ग्लेनकडे बघितलं. ग्लेनने मान खाली घातली.

"हो बाई," रॉस म्हणाले, आणि त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन हलवला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. बाई दुसरं सत्र संपल्यावर विमानतळाकडे गेल्या. तीन आठवड्यांनी लीगचं पत्र आलं, अतिशय सभ्य भाषेतलं. त्यात लिहिलं होतं की हॅल्डनकरांचं हॉकीवरचं प्रेम वादातीत आहे, मात्र ते आधीच कोणाला तरी दिलेलं आहे. संघ दुसरीकडे गेला, समुद्राकाठी कुठेतरी. वासुकीने पत्र वाचून "मॉन्ट्रियल" एवढा एकच शब्द उच्चारला, आणि एकतीस हजार कार्डं खोक्यात भरून ग्लेनच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर टाकली. रिंकमध्ये आता मोटारींची आणि लग्नाच्या कपड्यांची प्रदर्शनं भरतात.

पण त्या रविवारचं एवढ्यावर संपलं नाही.

सामना सुटल्यावर बाप-लेक गाडीत येऊन बसले. ऊन अजून होतं. बाहेर पडायला रांग लागली होती आणि सगळ्या गाड्यांमधून भोंगे वाजत होते, कॉर्बेलच्या नावाने. ग्लेनने गाडी सुरूच केली नाही. दोघांनी कॉफी घेतली होती, इथल्या रिवाजाप्रमाणे दोन साखर, दोन क्रीम, ती पुढच्या फळीवर ठेवून दोघे समोर बघत बसले.

"बाबा," ग्लेन म्हणाला, "मी घाण केली."

"केलीस."

"तुम्ही बसलात आणि मी उठलो. लाज वाटते मला."

"ग्लेन, मी तुला पहिल्यापासून ओळखतो. तू उठणार हे मला माहीत होतं." म्हाताऱ्याने कॉफीचा घोट घेतला. "तू सात वर्षांचा होतास तेव्हा मी म्हटलं होतं, पुढच्या वर्षी तुला गार्डनमध्ये नेईन. आठवतं?"

"आठवतं."

"नेलं नाही. म्हणून म्हटलं, हा शब्द तरी पाळावा."

ग्लेनने हातांनी चाक धरून ठेवलं, न चालणाऱ्या गाडीचं. नऊ वर्षं तो समजत होता की आपण बापासाठी करतोय, आणि बाप समजत होता की आपण पोरासाठी करतोय, आणि मधल्या मधे तो गोल म्हाताऱ्याच्या वाट्याला आलाच नाही. याचं त्याला इतकं वाईट वाटलं की संघ गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

"किती वाजले?" रॉसनी विचारलं.

"पावणेपाच."

"म्हणजे अडीच तास झाले."

"केव्हाच झाले बाबा."

"मग सांग. कसा झाला तो गोल?"

ग्लेनने खिशातून फोन काढला. "वासुकीने पाठवलाय, हे बघा, सगळाच्या सगळा..."

"ते डबडं ठेव खाली. टीव्हीवर मी सत्तेचाळीस वर्षं बघितलंय. तू डोळ्यांनी पाहिलास ना? तू सांग. जाळ्याच्या मागून सांग."

ग्लेनने फोन ठेवला. कॉफीच्या कपाचं झाकण काढून त्याने फळीवर ठेवलं, हे जाळं. साखरेच्या चार पुड्या मांडल्या, ही माणसं. आणि कॉफी ढवळायची काडी हातात घेऊन तो सांगायला लागला. पोरगा कसा वळला, पहिला कसा चुकला, दुसऱ्याचा तोल कसा गेला, पक दोन पायांतून कसा गेला. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला, याने खिडकीतून हात काढून त्याला बाजूने जायला सांगितलं. रॉस पुढे वाकून साखरेच्या पुड्यांकडे बघत होते, डोळ्याची पापणी न लवू देता.

"गोलकीपर आडवा झाला, बाबा. सपशेल आडवा. आणि याने उलट्या स्टिकने उचलला. असा. अलगद. या इथे, वरच्या कोपऱ्यात."

काडी कपाच्या झाकणाच्या कडेला टेकली.

रॉस मॅचेट क्षणभर तिथेच बघत राहिले. मग त्यांनी पालकाच्या रंगाचा तो सदरा डोक्यावरून काढला. आत काही निळं नव्हतं. शब्द दिला होता, म्हणून साधी पांढरी बंडी होती. आणि दोन्ही हात गाडीच्या छताला आपटतील इतके वर करून, चौऱ्याऐंशी वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा सगळा वारा भरून, म्हातारा ओरडला.